कोड्याची होडी

(वर्तमानपत्रातील शब्दकोडी आपण आवडीने सोडवतो. परंतु कोडे सोडवण्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक आनंद ते तयार करण्यात असतो. शब्दकोडे कसे जन्माला आले, ते कसे तयार करावे आणि त्यात उर्दू व मराठी या आपल्या दोन भाषा एकमेकींना कशी साथ देतात, हे या पाठात सांगितले आहे.)

मित्रांनो, धडा सुरू करण्यापूर्वी तीन कोडी सोडवा.

पहिले कोडे : 'कोडी' या शब्दाचे पहिले अक्षर बदला, म्हणजे तो समुद्रात तरंगू लागेल.

दुसरे कोडे : हातात घातली तर किणकिणते. शेवटच्या अक्षराची वेलांटी काढून काना दिला, तर जाळ्यात सापडतो.

तिसरे कोडे : कापसाचे पहिले अक्षर बदला आणि आंबा खा.

आली का उत्तरे? पहिल्याचे उत्तर होडी. दुसऱ्यात बांगडीचा बांगडा झाला. तिसऱ्यात कापसाचा हापूस झाला. दापोली तालुक्यातील आमच्या मुरुड गावात होडी, बांगडा आणि हापूस हे तिन्ही शब्द लहान मुलालाही ठाऊक असतात. तरीसुद्धा उत्तर सापडताच तुमच्या चेहऱ्यावर हसू आले असेल. ओळखीचाच शब्द अनोळखी वेश घालून समोर येतो, आपण त्याला ओळखतो, आणि तो हसतो. कोड्याची सारी गंमत या ओळखण्यात आहे.

ही गंमत माणसाला फार पूर्वीपासून आवडत आली आहे. तेराव्या-चौदाव्या शतकातील कवी अमीर खुसरो यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या पहेल्या आजही घरोघरी घातल्या जातात. मराठीत कोडी, उखाणे आणि हुमाणे आहेत. उर्दूत कोड्याला मुअम्मा म्हणतात. रात्री दिवे गेले की आजी कोडे घालते आणि अंधारात सगळी भावंडे विचार करत बसतात, हे चित्र दोन्ही भाषांत सारखेच आहे.

चौकटी आखून त्यांत शब्द भरण्याचे कोडे मात्र त्यामानाने नवे आहे. आर्थर विन हे इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे जन्मलेले पत्रकार. ते अमेरिकेत 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्रात काम करत. २१ डिसेंबर १९१३ च्या रविवारच्या अंकात त्यांनी एक नवे कोडे छापले. त्याचा आकार पतंगासारखा होता. त्याला त्यांनी 'वर्ड-क्रॉस' असे नाव दिले. पुढे हे नाव उलटे होऊन 'क्रॉसवर्ड' झाले. १९२४ मध्ये अशा कोड्यांचे पहिले पुस्तक निघाले. त्यासोबत एक पेन्सिलही दिलेली होती! हळूहळू ही कोडी जगभर पसरली. आपल्याकडे त्यांना 'शब्दकोडे' हे नाव मिळाले.

मराठी शब्दकोड्याची एक खुबी आहे. इंग्रजीत एका घरात एक अक्षर बसते आणि स्वराला वेगळे घर द्यावे लागते. मराठीत काना, मात्रा, वेलांटी ही सर्व अक्षरासोबत एकाच घरात राहतात. जोडाक्षरालाही एकच घर पुरते. 'मुरुडच्या मातीत वाढलेले, १९५८ मध्ये भारतरत्न मिळालेले थोर समाजसुधारक' असे विचारले, तर महर्षी कर्वे यांचे नाव दोनच घरांत बसते : 'क' आणि 'र्वे'.

आता आपल्या उर्दूकडे पाहा. 'कलम' हा शब्द उर्दूत तीन अक्षरांचा आणि मराठीतही तीन घरांचा. पण 'किताब' लिहून पाहा. मराठीत कि, ता, ब अशी तीन घरे. उर्दूत काफ, ते, अलिफ, बे अशी चार अक्षरे. तेथे अलिफला स्वतःचे घर लागते आणि जेर मात्र बहुधा लिहितच नाहीत. आणखी एक शब्द पाहा : जहाज. मराठीत तो डावीकडून वाचा किंवा उजवीकडून वाचा, 'जहाज'च राहतो. उर्दूत मात्र तो उलटत नाही, कारण त्याच्या सुरुवातीला जीम आहे आणि शेवटी झे. रोज तोंडात असलेल्या शब्दाकडे आपण इतके निरखून एरवी कधी पाहतो का?

माझ्या आठवीच्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. उर्दूत ती हुशार, पण मराठीच्या तासाला मान खाली घालून बसे. 'ती पुस्तक' म्हणावे की 'ते पुस्तक', या भीतीने ती तोंडच उघडत नसे. तिची काही चूक नव्हती. उर्दूत लिंगे दोन आणि मराठीत तीन.

एके दिवशी मी फळ्यावर 'खाली' हा शब्द लिहिला आणि विचारले, "उर्दूत याचा अर्थ रिकामा. मराठीत काय?" मुलांनी जमिनीकडे बोट दाखवले. मी म्हणालो, "असे शब्द शोधून आणा आणि त्यांचे कोडे करा."

दुसऱ्या दिवशी वह्यांचा ढीग जमला. 'उर्दूत झाडावर, मराठीत समुद्रकाठी' म्हणजे बंदर. 'उर्दूत रंग, मराठीत मासा' म्हणजे सुरमई. त्या मुलीच्या वहीत एकच कोडे होते. मी ते फळ्यावर लिहिले : 'उर्दूत त्यात दिवा ठेवतात, मराठीत ते जेवताना पितात. दोन अक्षरे.'

सारा वर्ग गप्प झाला. पाच मिनिटे गेली तरी कोणालाच उत्तर येईना. अखेर तिलाच उभे राहावे लागले. ती हळूच म्हणाली, "ताक, सर. उर्दूत ताक म्हणजे भिंतीतला कोनाडा." मग क्षणभर थांबून तिने पुढे सांगितले, "आणि सर, मराठीत 'ते' ताक. नपुंसकलिंग." वर्ग हसला आणि तीही हसली. त्या दिवसापासून ती मराठीच्या तासाला बोलू लागली. चुकत होती, पण बोलत होती.

चला, आता आपण एक छोटे शब्दकोडे तयार करू. नऊ घरांचा चौकोन आखा. मधले घर काळे करा. या कोड्यासाठी एक नियम ठरवू : प्रत्येक शब्द मराठीतही हवा आणि उर्दूतही हवा.

वरच्या ओळीत 'तालीम' लिहा. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत ती पहिलवानाच्या आखाड्यात असते. 'ता'पासून खाली 'तारीख' लिहा. 'ख'पासून आडवे 'खबर' लिहा. आता उजवीकडे वर 'म' आणि खाली 'र' आहे. मधल्या घरात काय घालावे? मी पहिल्यांदा 'मजूर' लिहिले. शब्द छान बसला. परंतु उर्दूत आपण 'मजदूर' म्हणतो. मराठीत येता येता त्यातला 'द' गळून गेला. नियम मोडला, म्हणून शब्द खोडला. मग मकर, मयूर, मधुर असे कितीतरी शब्द आठवले. ते मराठीत बसत होते, उर्दूत नव्हते. शेवटी 'मगर' सापडला आणि चौकोन पुरा झाला.

| ता | ली | म |
| री | ■ | ग |
| ख | ब | र |

पाहिलेत ना? एका घरासाठी किती शब्दांच्या दारांत जावे लागले! कोडे सोडवणाऱ्याला एक शब्द मिळतो, करणाऱ्याला दहा मिळतात.

घरे भरली, पण काम संपले नाही. उत्तराकडे नेणारी ओळ, म्हणजे संकेत, लिहायचा राहिला. 'खबर' या शब्दासाठी नुसते 'बातमी' असे लिहिता येईल. पण 'पाय नाहीत, तरी गावभर फिरते' असे लिहिले तर मजा वाढते. 'तारीख'साठी 'कॅलेंडरात रोज बदलते. उर्दूत तिचा अर्थ इतिहास असाही होतो' असे लिहू. 'मगर'साठी 'उर्दूत पण, मराठीत पाण्यातला प्राणी' असे लिहू.

संकेत लिहिताना एक पथ्य पाळा. संकेताने फसवावे, पण खोटे बोलू नये. उत्तर कळल्यावर सोडवणाऱ्याने म्हटले पाहिजे, "अरे, हे तर समोरच होते!" 'जेवणात असते, दोन अक्षरे' हा संकेत वाईट आहे. ताक, भात, मीठ, डाळ यांपैकी कोणतेही उत्तर चालेल. मग सोडवणाऱ्याने अक्कल वापरायची की नशीब?

हा प्रश्न एकदा थेट न्यायालयात गेला होता. आपल्या देशात पूर्वी प्रवेश फी घेऊन मोठ्या बक्षिसांच्या शब्दकोड्यांच्या स्पर्धा चालत. त्यांत एका जागी दोन-दोन शब्द सारखेच शोभत. आयोजकांनी आधी ठरवलेल्या शब्दाशी आपला शब्द जुळला तरच बक्षीस मिळे. १९५५ मध्ये संसदेने अशा बक्षीस स्पर्धांसंबंधी कायदा केला आणि महिन्याला एकूण १,००० रुपयांहून अधिक बक्षिसे देण्यास मनाई केली. मुंबई राज्य आणि अशी स्पर्धा चालवणारे यांच्यातील खटल्यात १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती स्पर्धा जुगार ठरवली. कारण तेथे बुद्धीपेक्षा नशिबाला महत्त्व होते. चांगल्या कोड्यात नशिबाला जागा नसते. तेथे सोडवणाऱ्याचा विजय हेच बक्षीस असते, आणि तो जिंकला की कोडे करणाराही जिंकतो.

मित्रांनो, मराठी ही आपली दुसरी भाषा आहे, म्हणून ती परकी आहे असे समजू नका. तालीम, तारीख, खबर, कलम, दवाखाना, वकील, बाजार हे शब्द शेकडो वर्षांपूर्वी मराठीत आले आणि तिथलेच होऊन राहिले. काहींनी अर्थ बदलला, काहींनी एखादे अक्षर गाळले. मराठीच्या घरात पाऊल ठेवले की आपलीच माणसे समोर येतात. त्यांना ओळखायला एक कागद, एक पेन्सिल आणि एक खोडरबर पुरेसे आहे. कोड्याची होडी करा आणि खुशाल या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर जा.

शब्दार्थ

किंबहुना – इतकेच नव्हे तर
खुबी – वैशिष्ट्य
निरखून – बारकाईने
कोनाडा – भिंतीत वस्तू ठेवण्यासाठी केलेली जागा
संकेत – खूण, इशारा
पथ्य – पाळायचा नियम
खुशाल – न घाबरता, आनंदाने

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) आर्थर विन यांचे पहिले कोडे कोणत्या आकाराचे होते?
(२) 'जहाज' हा शब्द उर्दूत उलटा वाचता का येत नाही?
(३) लेखकाने 'मजूर' हा शब्द का खोडला?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) 'ताक' हे कोडे केल्यामुळे त्या विद्यार्थिनीत कोणता बदल झाला?
(२) 'संकेताने फसवावे, पण खोटे बोलू नये', असे लेखक का म्हणतो?

प्र. ३. पुढील शब्द उलटे वाचा. कोणता नवा शब्द मिळतो?
नदी, मका, लता, वारा

प्र. ४. पुढील शब्दकोडे सोडवा.

| १ | – | २ |
| – | ■ | – |
| ३ | – | – |

आडवे शब्द : (१) येथे होड्या विसावतात, उर्दूत मात्र हा फांदीवर उड्या मारतो. (३) योग्य, पात्र.
उभे शब्द : (१) बाग असलेले मोठे, स्वतंत्र घर. (२) गाणे, नाटक यांचा मनापासून आनंद घेणारा.

उपक्रम : उर्दूत एक आणि मराठीत दुसरा अर्थ असलेले पाच शब्द घरातील मोठ्या माणसांना विचारून मिळवा. त्यांचे होडीच्या आकाराचे शब्दकोडे तयार करा आणि वर्गात लावा.