मोफत आणि मुक्त

संगणकाचे बटण दाबले की पडदा उजळतो. त्या वेळी आत एक आज्ञावली कामाला लागते. दाबलेले अक्षर पडद्यावर आणणे, फाईल जागेवर ठेवणे, प्रिंटरला हुकूम देणे ही सारी कामे ती करते. तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. ती नसेल तर संगणक म्हणजे नुसती पेटी!

विंडोज ही अशीच एक सिस्टीम आहे. ती एका कंपनीच्या मालकीची आहे. तिच्या नकला काढून वाटणे कायद्याला मान्य नाही. लिनक्सचे तसे नाही. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या तरुणाने तिचा गाभा लिहिला आणि इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवला. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्येच 'ग्नू' या मुक्त सिस्टीमची घोषणा केली होती. पुढे दोघांचे काम एकत्र आले. ही सिस्टीम कोणीही वापरावी, उघडून पाहावी, बदलावी आणि वाटावी. तशी परवानगी तिच्या परवान्यातच दिलेली आहे.

इंग्रजीत अशा आज्ञावलीला 'फ्री' म्हणतात. मग फुकट की स्वतंत्र, असा लोकांचा गोंधळ होतो. तुमचा व्हायला नको. उर्दूत 'मुफ़्त' आणि 'आज़ाद' हे दोन निराळे शब्द आहेत. मराठीतही 'मोफत' (हा तर मुफ़्तचाच भाऊ!) आणि 'मुक्त' असे दोन शब्द आहेत. लिनक्स बहुधा मोफत मिळते, पण तिचे खरे मोल ती मुक्त आहे यात आहे.

केरळ राज्याने हे मोल ओळखले. तेथे २००१ साली 'आयटी ॲट स्कूल' हा प्रकल्प सुरू झाला. पुढे शाळांसाठी लिनक्सवर आधारलेली खास सिस्टीम तयार झाली. तिच्यात मल्याळम भाषेची सोय आहे आणि शिक्षकांना हवी ती शैक्षणिक साधनेही आहेत. २०१९ मध्ये दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठी तिची नवी आवृत्ती निघाली. प्रत्येक संगणकासाठी परवाना विकत घ्यावा लागला असता, तर केवढा खर्च आला असता! शिवाय मुले तीच सिस्टीम घरी नेऊ शकतात. त्यात चोरी नाही.

आपल्यालाही हे जमेल. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ पेलणार नाही असे कितीतरी जुने संगणक लिनक्सवर चांगले चालतात. उर्दूसाठी 'नोटो नस्तालीक उर्दू' हा मुक्त फाँटही आहे. अडचणी आहेतच. काही प्रिंटर आणि काही नेहमीच्या आज्ञावल्या लिनक्सवर चालत नाहीत. म्हणून आधी पेन ड्राइव्हवरून ती चालवून पाहावी. जुनी सिस्टीम लगेच काढायची गरज नसते. कायमची बसवायची झाली, तर आपल्या फाईली प्रथम दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, नाहीतर त्या पुसल्या जातील.

स्वाध्याय
१. 'मोफत' आणि 'मुक्त' यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.
२. केरळमधील मुले शाळेतील सिस्टीम घरी का नेऊ शकतात?
३. मुफ़्तप्रमाणे मराठीत आलेले पाच शब्द उर्दूतून शोधून लिहा.