मोडलेला प्रवास आणि उपकारस्तुती

ह्या आठवड्याच्या पाठासाठीं प्रेषितांच्या कृत्यांचे २७ वा व २८ वा हे दोन अध्याय घरीं वाचून यावे. वर्गांत ते एखाद्या कोळी बंधूकडून मोठ्यानें वाचवून घ्यावे. वारा, नांगर व पाण्याची खोली ह्यांविषयीं जें तेथें लिहिलें आहे, तें आम्हां शाळेंत शिकलेल्या मंडळीपेक्षां त्यास लवकर समजेल.

हा पाठ आम्हीं निवडला ह्याचें कारण आमचा स्वतःचा पाय आहे. पुष्कळ वर्षें पैसे सांठवून गेल्या वर्षीं आम्ही माल्टा बेटास गेलों. ज्यास शास्त्रांत मिलिता म्हटलें आहे तेंच हें बेट. अलिबागेहून निघतांना मंडळीनें प्रार्थना करून आम्हांस निरोप दिला, व परत आल्यावर सर्व हकीगत सांगूं असें आम्हीं वचन दिलें. दुसऱ्याच दिवशीं, पौलाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या उपसागराच्या कांठीं, ओल्या खडकावरून आमचा पाय घसरला व घोटा मुरगळला. हाड मोडलें नाहीं. परंतु दहा दिवस पाय जमिनीस टेकूं नये असें डॉक्टरांनीं सांगितलें. तेथून पुढें रोमेस जावयाचें होतें, तें राहिलें. रेवदंड्याच्या शेवाळलेल्या खडकांवर लहानपणापासून चाललों, तेथें कधीं पडलों नाहीं, आणि परदेशीं पडलों, ह्याची लाजही थोडी नव्हती.

तीन दिवस आम्ही खिडकीशीं बसून होतों. जेवणापूर्वींची उपकारस्तुती ओठ करीत, मन मात्र खर्चाचा हिशेब करी. घरमालकीण म्हातारी होती. तिनें न सांगतां बर्फ व ऊन रश्शाचा वाडगा आणून ठेविला, आणि आम्हीं तिच्याकडे नीट पाहिलें देखील नाहीं. तिसऱ्या रात्रीं हे दोन अध्याय पुन्हां वाचावयास घेतले.

पौलाचा प्रवास मोडला तो उशिरां निघाल्यामुळें. उपवासाचा दिवस होऊन गेला होता, म्हणजे शरद् ऋतु लागला होता, आणि त्या समुद्रांत हिंवाळ्यांत गलबतें हाकारीत नसत. आपल्याकडे पावसाळ्यांत होड्या ओढून वर ठेवितात व नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात, तसेंच तें. पौलानें आधीं सूचना केली होती. ती कोणीं ऐकली नाहीं. पुढें वादळ झालें. जहाजावर २७६ माणसें, चौदा दिवस पोटांत नीट अन्न नाहीं, खालीं पाणी अगोदर वीस वाव, मग पंधरा वाव. अशा पहांटे पौलानें भाकर घेतली, सर्वांच्या देखत देवाचे आभार मानिले व खावयास आरंभ केला. जहाज अजून फुटावयाचें होतें.

मग तें फुटलें. सर्व वांचून कांठास लागले. पाऊस व थंडी होती, म्हणून बेटावरच्या लोकांनीं शेकोटी पेटविली. आणखी २७५ जण असतां काटक्या गोळा करावयास पौल स्वतः गेला, व त्याच मोळींतून निघालेला साप त्याच्या हातास डसला. लोक म्हणूं लागले, हा खुनी असावा. आपल्या गांवांत कोणी पडला, भाजला, तर पारावर काय बोलतात? आणि मंडळींत तरी निराळें काय बोलतात?

येथें थोडें थांबून सांगतों. पौलाचें उदाहरण घेऊन साप चावल्यावर कोणीं घरीं बसूं नये. नाग, मण्यार, घोणस व फुरसें ह्या चोहोंच्या विषावर चालणारें प्रतिविष आहे व तें सरकारी रुग्णालयांत देतात. चावलेली जागा कापूं नये, घट्ट बांधूं नये, तो हातपाय हलूं देऊं नये, मांत्रिकाकडे वेळ दवडूं नये. प्रार्थना गाडींत करावी.

आतां मुख्य गोष्ट. पौलानें साप झटकून विस्तवांत टाकिला. सापाबद्दल आभार मानिले असें लूकानें कोठेंही लिहिलेलें नाहीं. त्या दोन अध्यायांत आभार मानिल्याचा उल्लेख दोनदांच येतो: एकदां भाकर घेतांना, आणि दुसऱ्यानें तीन महिन्यांहून अधिक काळानंतर, रोमेचे बंधु त्याच्या भेटीस सुमारें चाळीस मैल चालून अप्पियाच्या पेठेपर्यंत आले तेव्हां. अन्नाबद्दल व माणसांबद्दल. कांहीं शिक्षक दुखणाइताच्या उशाशीं जाऊन, पाय मोडला ह्याबद्दलच देवाचे उपकार मान, असें सांगतात. आम्हांस तें बरोबर वाटत नाहीं.

आपल्याच कांठचें एक उदाहरण पाहा. अलिबागेजवळ नवगांव येथें पूर्वीं एक गलबत फुटलें व सात पुरुष आणि सात स्त्रिया एवढींच माणसें वांचलीं, अशी बेने इस्राएल लोकांची परंपरा आहे. त्यांचा प्रवास तेथेंच संपला. ते कोंकणांत राहिले, तेलाचे घाणे चालवूं लागले, शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून शनिवार तेली म्हणविले गेले. त्यांचा उपकारस्तुतीचा विधि मलिदा होय. त्यांत गोड केलेले पोहे, खोबरें व फळें मांडून, एलिया संदेष्ट्याचें स्मरण करून देवाचे आभार मानितात. नवस फिटला, लग्न ठरलें, दुखण्यांतून कोणी उठलें, कीं मलिदा. १९४८ नंतर त्यांतील पुष्कळ लोक इस्राएल देशांत गेले, तेथेंही तो होतो. फुटलेल्या गलबताचें गुणगान ते करीत नाहींत. परंतु ताटांत पोहे व नारळ आहेत, म्हणजे ज्या किनाऱ्यानें त्यांस ठेवून घेतलें, त्याच किनाऱ्याचें अन्न आहे.

चौथ्या दिवशीं सकाळीं आम्हीं त्या म्हातारीस तिचें नांव विचारिलें. पट्टी बदलावयास येणारी परिचारिका केरळची निघाली. तिलाही आमच्याप्रमाणें भाताची आठवण येत होती. रोम पाहिलें नाहीं ह्याचें वाईट अजून वाटतें, व पावसांत घोटा ठणकतो.

पाठाच्या शेवटीं शिक्षकांनीं नेहमींचे प्रश्न विचारूं नयेत. ज्याचें काम किंवा प्रवास गेल्या वर्षांत दुखापतीमुळें राहिला असेल, त्यानें उभें राहून, आपणास कोणीं उचलिलें, कोणीं भाकर आणिली, त्या माणसाचें नांव घ्यावें. नांव ठाऊक नसेल तर पुढच्या रविवारपर्यंत विचारून यावें.