वाफसा येईपर्यंत

बुलडाणा जिल्ह्यात तंबू घेऊन हिंडायचं असेल, तर आधी मातीची चौकशी करा, मग प्रेक्षणीय स्थळांची. मी मूळची चिखलीची. लग्नानंतर नाशिकला आले. मुलं जरा मोठी झाल्यावर त्यांना माझा जिल्हा मुक्काम करत करत दाखवावा म्हणून फेब्रुवारीत आम्ही गाडी काढली. लोणार, चिखली, बुलडाणा, बोथ्याचं जंगल, शेगाव आणि शेवटी संग्रामपूरकडून सातपुड्याचा पायथा असा बेत होता. सोबत सासूबाई होत्या.

समृद्धी महामार्गाने नाशिककडची माणसं मेहकरला फार लवकर पोचतात. पण रस्ता सरळ, सिमेंटचा आणि एकसुरी असल्याने डोळ्यांवर झापड येते. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ याच रस्त्यावर बस उलटून पेटली आणि 25 माणसं गेली. मुलं मागे झोपलेली असतील तर हा टप्पा दिवसाच करा, आणि उन्हाच्या दिवसांत निघण्याआधी टायरमधली हवा तपासून घ्या.

लोणारचं विवर अभयारण्यात येतं, त्यामुळे आत मुक्काम होत नाही; गावात राहून पहाटे उतरावं. सरोवराचं पाणी खारं आणि अल्कधर्मी. जून 2020 मध्ये ते गुलाबी झालं होतं, हे सांगितल्यावर मुलांनी प्रश्न विचारून मला भंडावून सोडलं. प्यायचं पाणी वरूनच भरून न्यायचं.

बोथ्याबद्दल मात्र थांबून सांगते. बुलडाणा आणि खामगाव यांच्या मधलं ज्ञानगंगा अभयारण्य सुमारे दोनशे चौरस किलोमीटरचं आहे, आणि तिथे अस्वलं आहेत. लोकांना बिबट्याची धास्ती असते, पण पायी माणसाला जास्त जखमा करतं ते अचानक समोर आलेलं अस्वल. पिलं पाठीवर असली तर ते मागे फिरत नाही. 2019 मध्ये टिपेश्वरहून निघालेला वाघ शेतं, नाले, रस्ते ओलांडत हजाराहून जास्त किलोमीटर चालून याच जंगलात आला. तेव्हा अभयारण्याच्या पाटीबाहेर, एखाद्या वावरात तंबू ठोकला म्हणजे आपण जंगलाबाहेर आहोत असं धरू नये. आम्ही बोथा दिवसाउजेडी ओलांडला, वाटेत कुठे उतरलो नाही. मोहाच्या दिवसांत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, पहाटे आणि संध्याकाळी झाडांखाली फिरणं तर नकोच.

खरी परीक्षा घाटाखाली झाली. शेगावच्या पुढे पूर्णेचं खोरं लागतं, तो खारपाणपट्टा. हातपंप दिसतो, पाणी येतं, निवळशंखही असतं. पण त्यात डाळ शिजत नाही आणि तहानही भागत नाही. खारपाणपट्ट्यातल्या गावांनी मूत्रपिंडाच्या आजारांच्या रूपाने या पाण्याची किंमत पिढ्यान्‌पिढ्या मोजली आहे. आपण पाहुणे, आपण निदान खामगाव-शेगावहून कॅन भरून घ्यावेत, आणि गावात टँकरचं किंवा योजनेचं साठवलेलं गोडं पाणी असेल तर त्यावर हात मारू नये.

ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या वावरात, हरभरा काढलेल्या तुकड्यावर, आम्ही तंबू लावला. जमीन कोरडी, भेगाळलेली आणि दगडासारखी कडक होती. रात्री विजा चमकल्या आणि गारांसकट अवकाळी पाऊस कोसळला. शेतकरीभाऊ बॅटरी घेऊन धावत आले आणि आम्हां सगळ्यांना गावातल्या समाजमंदिरात घेऊन गेले. सकाळी गाडीकडे गेलो तर चाकं निम्मी आत. नवऱ्याने चावी हातात घेतली, तेवढ्यात भाऊ म्हणाले, “राहू द्या साहेब. जितकं चाक फिरवसान तितकी गाडी खाली जाईन. जमिनीले वाफसा येऊ द्या.”

पूर्णाकाठची काळी माती किती खोल असते ते तिथल्या माणसालाच ठाऊक. ओली झाली की ती फुगते, चाकाला थरावर थर चिकटते आणि चाक नुसतं जागेवर गरगरतं. ट्रॅक्टर वावरात घातला तर तोही फसतो. कडक ऊन पडून माती वरून सुकेपर्यंत गाडी तिथेच राहिली. मग चाकांसमोर कुटार पसरलं, पांदणीवरच्या टणक जागी ट्रॅक्टर उभा केला आणि लांब सोल बांधून गाडी ओढून काढली. वाटेत तुरीची खुंटं होती. ती आधी उपटली नसती तर टायर फाटले असते.

ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमध्ये पाऊस पडला की कच्चे रस्ते सरकारच बंद करतं आणि बंद रस्त्यावर गाडी घालणाऱ्याला दंड होतो. गाडी अडकली तर ती सोडून चालत जाऊ नका, हे तिथे प्रत्येक प्रवाशाला सांगितलं जातं. कारण तिथे दूरदूरपर्यंत माणूस नसतो. आपल्याकडे गाव दिसत असतं, म्हणून आपण पाण्याचा साठा आणि जास्तीची औषधं बरोबर घेत नाही. पण दिसणाऱ्या गावापर्यंतची पांदण चिखलाने बंद झाली की गाव असून नसल्यासारखं. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या आम्ही ठरल्या मुक्कामापेक्षा जास्त घेतल्या होत्या, म्हणून त्या दिवसांत काळजी नव्हती.

तेव्हा तंबू वावरात लावला तरी गाडी मुरमाच्या किंवा डांबरी रस्त्यावरच ठेवा. नाल्याच्या पात्रात, वाळू मऊ आहे म्हणून, झोपू नका. जुलै 2023 मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत सातपुड्याच्या नाल्यांनी काय केलं ते तिथल्या कुणालाही विचारा. जमिनीवर अंथरूण टाकत असाल तर तंबूची चेन पूर्ण बंद हवी, कारण मण्यार रात्री फिरतो आणि झोपलेल्या माणसाला त्याचा दंश कळतही नाही. अशा वेळी मांत्रिक, चिरा, आवळपट्टी हे काही न करता थेट सरकारी रुग्णालय गाठायचं. सर्पदंशावरची लस तिथे मिळते. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे हे मुक्कामाच्या आधीच विचारून ठेवा. गावात शिरताच पोलीस पाटलांना भेटून आपण कुठे झोपणार ते सांगा. पायथ्याला मोबाईलची रेंज येते-जाते, म्हणून नकाशा आधी उतरवून घ्या, आणि 112, 108 व वनविभागाचा 1926 हे क्रमांक मुलांच्याही खिशात कागदावर लिहून द्या.