तीन पिढ्या, एक फ्लॉरेन्स

प्रश्न : आम्ही भावंडं पुणे, दुबई आणि न्यू जर्सीहून फ्लॉरेन्सला जमणार आहोत. आई ७८ वर्षांची, नातवंडं शाळकरी. चार दिवसांत सगळं कसं बसवायचं?

उत्तर : सगळं बसवूच नका. उफिझी आणि अकादेमिया ही दोन्ही कलासंग्रहालयं सोमवारी बंद असतात, हे आधी पाहा. मग तिकिटं घरूनच काढा. सरकारी संग्रहालयांत १८ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत असतो, पण वेळ त्यांचीही राखून ठेवा. उफिझीत लिफ्ट आहे. तरी आईंना फक्त चित्रकार बोत्तिचेल्लीची दालनं दाखवा आणि बाकड्यावर बसू द्या. कलेचा कोटा पूर्ण करायला कुणी आलेलं नाही!

कॅथीड्रलच्या घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. तिथे तरुण मंडळी जाऊ देत. मायकेलअँजेलोचा मूळ ‘डेव्हिड’ पुतळा अकादेमियात, पाच मीटरहून उंच. सिन्योरिया चौकातली प्रतिकृती मात्र फुकट, तीही आइसक्रीम खात.

राहायला जुन्या गावातच स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. लिफ्ट आहे का, हे मात्र लेखी विचारा. रस्ते दगडी फरसबंदीचे, म्हणून आईंच्या पायांत मऊ बूट हवेत. एक संध्याकाळ पियाझ्झाले मायकेलअँजेलो या टेकडीवरच्या चौकात, टॅक्सीने. भावंडांच्या गप्पा तिथेच रंगतील.