अभ्यासलेख : फुलपुडीतला ऋतू

॥ श्री सद्गुरुचरणी नमस्कार ॥ 🙏



या वेळच्या अभ्यासाला विषय अगदी रोजच्या पूजेतला घेतला आहे. सकाळी दाराच्या कडीला जी फुलपुडी अडकवलेली असते, ती. आपण ती सोडतो, फुलं तबकात काढतो आणि पूजेला बसतो. पण पुडीत आज हीच फुलं का आली, ती कुठून आली, कुणी बांधली, हे क्वचितच मनात येतं. आज तेवढंच बघायचं आहे. घरात एकाने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. मुलांना जरूर बसवा. शेवटी घरी करायचा अभ्यास दिला आहे.

*१. देव काय मागतो?*

गीतेच्या नवव्या अध्यायातला सव्विसावा श्लोक आपल्यापैकी बऱ्याच जणांना पाठ आहे. त्यात भगवंत चारच गोष्टींची नावं घेतात : पान, फूल, फळ आणि पाणी. चारही गोष्टी गरिबातल्या गरिबाला मिळण्यासारख्या. कोणतं फूल, किती किलो, हाराला किती पदर, याचा तिथे उल्लेखही नाही. अट आहे ती देणाऱ्याबद्दल. भक्तीने दिलेलं असावं आणि देणाऱ्याचं मन शुद्ध असावं.

आता विचार करू या. मन शुद्ध हवं ते कधीपासून? आसनावर बसल्यापासून, की फूल हातात आलं तेव्हापासून?

पहाटे फिरायला जाताना हातात पिशवी आणि आकडीची काठी घेऊन दुसऱ्याच्या कुंपणावरची जास्वंद खुडणारी मंडळी आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. झाड ज्याने लावलं, पाणी ज्याने घातलं, त्याच्या घरच्या देवाला फूल नाही आणि आपलं ताम्हन भरलेलं! फूल तेच आहे, पण ते घरात कसं आलं यावर त्याचं अर्पण ठरतं. म्हणून म्हणावंसं वाटतं की पूजा सुरू होते ती फूल मिळवताना. आपल्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत, फुलांच्या दुकानात.

*२. पुडीमागचं घर*

आपल्या सिल्वासात नाक्यानाक्यावर फुलांची छोटी दुकानं आहेत. बहुतेक दुकानं एकेका कुटुंबाची. मालकिणीला कुणी वहिनी म्हणतं, कुणी बेन, कुणी भाभी. यांचा दिवस आपल्या काकड आरतीच्याही आधी सुरू होतो. घरातलं एक माणूस पहाटे माल आणायला जातं. आपल्या गावात रेल्वे नाही, त्यामुळे गाडीने येणारा माल वापीला उतरतो, बाकीचा टेम्पोने येतो. माल आला की निवडायचा, ओल्या फडक्याखाली ठेवायचा, पुड्या बांधायच्या. मुलगा शाळा-कॉलेजला जाण्याआधी स्कूटरवरून रतीब टाकून येतो. दुपारी सासू-सुना हार ओवतात. रात्री उद्याच्या गजऱ्यांची तयारी.

या धंद्याचा एक नियम आपण गृहिणींनी नीट समजून घ्यावा. किराणा दुकानात आज न विकलेली डाळ उद्या विकता येते. फुलांचं तसं नाही. संध्याकाळी जी टोपली उरली तिची किंमत दुसऱ्या दिवशी जवळजवळ शून्य. म्हणून रोज किती माल आणायचा हा अंदाज म्हणजेच त्यांचा नफा किंवा तोटा. आणि म्हणूनच रतीबाचं गिऱ्हाईक त्यांना मोठं वाटतं. पुडी लहान असली तरी ती ठरलेली असते. पितृपक्षात आणि पौषात लग्नं-मुंज नसतात, हारांना मागणी नसते, तेव्हा दुकान चालतं ते या पुड्यांवर.

*३. ऋतू काय देतो*

आता वर्षभराचं तबक पाहू.

*चैत्र-वैशाख :* मोगऱ्याचे दिवस. गुढीला फुलांचा हार, कडुनिंबाचा डहाळा, साखरेच्या गाठी. मोगऱ्याची कळी पहाटे, बंद असतानाच खुडतात. दिवसभर ती प्रवास करते आणि संध्याकाळी उमलते. म्हणून सकाळी घेतलेला गजरा संध्याकाळच्या आरतीला खरा दरवळतो. शेजारच्या पालघर जिल्ह्यात जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागात आदिवासी शेतकऱ्यांनी मोगरा लावला आहे. भाताचं काम संपलं की तिकडची बरीच कुटुंबं मजुरीसाठी वीटभट्ट्यांवर जातात, लेकरांची शाळा सुटते. ज्यांच्या बांधावर मोगरा उभा राहिला, त्यांना घरच्या घरी रोजचा पैसा मिळू लागला. गजऱ्याचे पैसे देताना हे आठवावं.

*ज्येष्ठ-आषाढ :* पाऊस. मोगरा ओसरतो. सोनचाफा, अनंत, जाई, जुई, तगर यांची वेळ. वसईचे बागायतदार चाफा आणि मोगरा पहाटेच्या लोकलने दादरला नेतात. दादर स्टेशनबाहेरचा मीनाताई ठाकरे फूल बाजार मुंबईची सकाळ सुगंधी करतो तो अशा टोपल्यांवर. या दिवसांत फूल भिजलेलं येतं, लवकर सडतं, म्हणून दुकानदाराचं नुकसानही जास्त.

*श्रावण-भाद्रपद :* बेल, केवडा, मंगळागौरीची पत्री, मग गणपतीची जास्वंद, दूर्वांच्या जुड्या, एकवीस पत्री. गौरीसाठी तेरडा. पत्री आणि तेरडा शेतात पिकत नाहीत, त्या रानातून येतात. डोंगरातल्या बाया त्या गोळा करून, भारे डोक्यावर घेऊन बाजारात येतात. ज्या वनस्पतींची नावं आपण पोथीत वाचतो, त्या या बाया नुसत्या वासावरून ओळखतात.

*आश्विन-कार्तिक :* झेंडू. दसऱ्याला सकाळी भाव चढलेला असतो आणि संध्याकाळी तोच झेंडू रस्त्याच्या कडेला ढिगाने पडलेला दिसतो. परत नेण्याचं भाडंही सुटत नाही म्हणून विकणारे तो तिथेच टाकून जातात.

*मार्गशीर्ष-पौष :* शेवंती. दिवस लहान आणि रात्र मोठी झाली की शेवंतीला कळ्या धरतात. हा तिचा स्वभावच आहे. बाकी झाडं थंडीत आखडतात आणि ही फुलते. मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या घटाला आणि दत्तजयंतीला शेवंतीची वेणी असते ती उगीच नाही. आपल्या परंपरेने ऋतू बघूनच फुलं निवडली आहेत.

*माघ-फाल्गुन :* महाशिवरात्रीला बेल, धोत्रा, आंब्याचा मोहोर. आणि खानवेलच्या रस्त्याला लागलं की रानात पेटलेला पळस. गुजराती शेजारी त्याला केसुडा म्हणतात, होळीचा रंग करतात. हा फूलवाल्याच्या दुकानात सहसा विकत मिळत नाही.

यात एक गंमत आहे. झेंडू, निशिगंध आणि देवचाफा ही तिन्ही फुलं मुळात आपली नाहीत. ती मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची, समुद्रापलीकडून आलेली. आज झेंडूशिवाय दसरा होत नाही आणि देवचाफ्याच्या तर नावातच देव आला. देवाने फुलाला गाव विचारलं नाही. आपल्या गावात कामासाठी लांबून आलेल्या माणसांकडे बघताना ही गोष्ट उपयोगी पडावी.

*४. आपल्या गावचं वेगळेपण*

दादरा-नगर हवेली २ ऑगस्ट १९५४ रोजी मुक्त झाली. पुढे कारखाने आले आणि देशभरातून माणसं आली. म्हणून इथलं फुलांचं दुकान मुंबई-पुण्याच्या दुकानासारखं नाही. उत्तरेकडच्या पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, आपल्या आणि गुजराती पंचांगात अमावास्येला. म्हणून उत्तर प्रदेश-बिहारच्या मंडळींचा श्रावण गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो, आपला त्यानंतर पंधरा दिवसांनी. त्यांचा संपतो राखीपौर्णिमेला, आपला पुढच्या अमावास्येला. इथल्या फूलवाल्याला बेल दीड महिना ठेवावा लागतो! १७ सप्टेंबरला कारखान्यांत विश्वकर्मा पूजा, मग नवरात्रात गरब्याच्या वेण्या, दसऱ्याला यंत्रांना झेंडूचे हार, दिवाळीनंतर छटपूजा.

मराठी, गुजराती, भोजपुरी, सगळ्यांच्या तिथी त्या वहिनींना तोंडपाठ असतात. आपण आपली एक एकादशी विसरतो!

*५. मळ्यातले संत*

सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे सावता महाराज आपल्याला माहीत आहेत. इ. स. १२९५ मध्ये त्यांनी देह ठेवला. मळा सोडून ते वारीला धावले नाहीत. पाण्याचा पाट, भाजीचा वाफा, खुरपं, हेच त्यांचं भजन होतं आणि त्यांनी तिथेच विठ्ठल पाहिला. वारकरी संप्रदायाने त्यांना संत म्हटलं. म्हणजे पिकवणाऱ्याचं काम हीच साधना होऊ शकते, हे आपल्या परंपरेने सातशे वर्षांपूर्वी मान्य केलं आहे.

दुसरं उदाहरण पुण्याचं. महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचं मूळ आडनाव गोऱ्हे. वडील गोविंदराव आणि त्यांचे भाऊ पेशव्यांकडे फुलं पुरवत, त्या धंद्यावरून फुले हे नाव पडलं. फुलांच्या व्यवसायातल्या या घरातून १८४८ साली मुलींची शाळा उभी राहिली. तेव्हा फूलवाल्याला ‘ए, इकडे ये’ म्हणून हाक मारण्याआधी आपण कुणाशी बोलतो आहोत, याचं भान असावं.

*६. प्लास्टिकच्या माळांचा प्रश्न*

हल्ली बऱ्याच भगिनी विचारतात, ‘ताई, कापडी-प्लास्टिकच्या माळा काय वाईट? सुकत नाहीत, कचरा नाही, वर्षानुवर्षं चालतात, खर्च वाचतो.’ प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही सरळ द्यायला हवं.

खर्च हीच अडचण असेल तर काहीच विकत घेऊ नये. कुंडीतलं एक तुळशीपत्र पुरे, श्लोकात पान पहिलं सांगितलं आहे. पण आपण मखरासाठी हजारो रुपये काढतो आणि ते न सुकणाऱ्या माळांवर घालतो, तेव्हा ते पैसे मळ्याकडे, रानातल्या बाईकडे, नाक्यावरच्या घराकडे जात नाहीत. शिवाय न सुकणं हा फुलाचा गुण नव्हे. सकाळी वाहिलेलं फूल संध्याकाळी कोमेजतं, म्हणून उद्या परत वाहावं लागतं. रोज नव्याने द्यायला लावणं, हेच तर फुलाचं काम आहे. एकदाच टांगलेल्या माळेवर धूळ बसते आणि आपल्या लक्षातही येत नाही.

*७. गुरुपौर्णिमेसाठी एक विनंती*

गुरुपौर्णिमा आषाढात येते. वर पाहिलं त्याप्रमाणे हा भर पावसाचा काळ. तरी आपल्याला लाल गुलाबच हवे असतात आणि तेही शंभर किलो! मग आदल्या दिवशी दुकानात गर्दी, भावावरून वाद आणि पाऊस वाढून कार्यक्रम छोटा झाला की आयत्या वेळी ऑर्डर रद्द. आपल्याला तो एक फोन असतो. त्या घरात मात्र आणलेला सगळा माल सडतो.

म्हणून सेवेकऱ्यांनी एकत्र बसून ठरवावं : फुलं त्या वेळची, म्हणजे सोनचाफा, तगर, जाई-जुई, तुळशीच्या मंजिऱ्या. ऑर्डर आठ दिवस आधी आणि अर्धे पैसे हातात. जे वाचेल त्यातून ज्या घरांना परवडत नाही त्यांना महिन्याची फुलपुडी लावून द्यावी. सद्गुरूंच्या गळ्यात एक हार कमी पडला तरी चालेल. त्या हारापायी कुणाच्या घरी चूल थंड राहू नये.

*घरी करायचा अभ्यास*

१. आठवडाभर रोजच्या पुडीतली फुलं ओळखून वहीत लिहा. मुलांनी चित्र काढावं.

२. फूलवाल्या वहिनींना एकदा विचारा, ‘हे फूल कुठून आलं?’ गावाचं नाव वहीत फुलासमोर लिहा.

३. देवाच्या फुलांत घासाघीस करायची नाही. परवडत नसेल तर कमी घ्या, पण भाव पाडून मागू नका. महिन्याचा हिशेब पहिल्या आठवड्यातच चुकता करा.

४. निर्माल्य पिशवीत बांधून दमणगंगेत सोडू नका. नाशिक जिल्ह्यातल्या डोंगरातून निघून आपल्या दारावरून जाणारी ती माय आहे. दोरा काढा, फुलं कुंडीत मातीखाली घाला. त्यातून तुळस वाढेल, तीच परत देवाला.

५. चर्चेसाठी प्रश्न : कोमेजणारं फूल देवाला का चालतं? घरातल्या सगळ्यात लहान माणसाने आधी उत्तर द्यावं. आलेली उत्तरं गटात पाठवा, पुढच्या अंकात घेऊ.

सद्गुरूंच्या चरणी हा अभ्यास अर्पण. उद्या पुडी सोडताना क्षणभर थांबा. ज्यांनी ती बांधली त्यांच्यासाठीही एकदा हात जोडा आणि मग पूजेला बसा.

॥ शुभं भवतु ॥ 🌼