धुरावर मातीचा उतारा

मागच्या सेमिस्टरला माझ्या सेमिनारचा विषय होता जैवइंधनाचा धूर आणि तो कमी करणारी ॲडिटिव्हज. प्रेझेंटेशन झकास झालं. त्याच जोरावर रात्री मेसच्या मावशींना म्हटलं, "मावशी, चुलीत थोडी चिनी माती टाका, धूर कमी होईल."

मावशी खोकत खोकतच म्हणाल्या, "मातीनं चूल विझंल रे बाळा. आन धूर कंचा, काळा का पांढरा?"

मला उत्तर देता आलं नाही. ते शोधताना जे समजलं ते इथे मांडतो.

लाकूड, पऱ्हाटी, तुराट्या, गव्हाचं काड हे सगळं जैवइंधन. भुगा दाबून केलेल्या कांड्यांना बॉयलरवाले 'पांढरा कोळसा' म्हणतात. हे जळताना दोन जातींचे कण हवेत जातात.

पहिली जात अर्धवट ज्वलनाची, म्हणजे काजळी आणि डांबरासारखे चिकट पदार्थ. लाकूड ओलं असलं किंवा हवा कमी पडली की ही वाढते. पातेल्याच्या बुडाला बसते ती हीच.

दुसरी जात राखेतल्या क्षारांची. झाडं जमिनीतून पोटॅशियम घेतात. भट्टीच्या उष्णतेत त्याची क्लोराइडसारखी संयुगं वाफ होऊन उडतात आणि धूर थंड होताना त्यांचे १ मायक्रॉनहूनही बारीक कण बनतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा! हे कण थेट फुफ्फुसात खोल जातात. ज्वलन कितीही परफेक्ट केलं तरी ही जात थांबत नाही.

इथे चिनी माती, म्हणजेच केओलिन, कामाला येते. ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला तिच्या रचनेतलं पाणी निघून जातं. मग ती पोटॅशियमची वाफ पकडते आणि पोटॅशियम ॲल्युमिनोसिलिकेट तयार होतं. पोटॅशियम क्लोराइड साधारण ७७० अंशांना वितळतं, तर हे नवं संयुग १५०० अंशांनाही वितळत नाही. त्यामुळे पोटॅशियम धुराड्यातून न जाता खाली राखेतच राहतं. शिवाय राख वितळून वीटभट्टीतल्या खंगरासारखे गोळेही कमी होतात.

मात्र फुकट काहीच मिळत नाही. पोटॅशियम पकडलं की क्लोरीन मोकळा होतो आणि हायड्रोजन क्लोराइड वायूच्या रूपात बाहेर पडतो. राखही वाढते. माती वरून फेकून भागत नाही, कांड्या बनवतानाच भुग्यात नीट मिसळावी लागते. प्रमाण इंधनाच्या वजनाच्या काही टक्केच, तेही इंधनात पोटॅशियम किती आहे ते पाहून. गव्हाच्या काडात ते भरपूर असतं, साल काढलेल्या लाकडात कमी.

आता मावशींच्या प्रश्नाचं उत्तर. आमच्या मेसचा धूर काळा, म्हणजे मुख्यतः पहिल्या जातीचा. त्यावर मातीचा काही उपयोग नाही! तिथे हवं कोरडं, बारीक फोडलेलं लाकूड, खालून पुरेशी हवा आणि साफ धुराडं. आम्ही चौघांनी एका रविवारी लाकडं शेडखाली रचली आणि धुराड्यातली काजळी काढली. पातेली आता कमी काळी होतात. मावशींचा खोकला मात्र अजून गेलेला नाही, इतक्या वर्षांचा तो.

माझा सेमिनार चुकीचा नव्हता, पण चुकीच्या चुलीला लावला होता. औषध देण्याआधी रोग कोणता ते विचारावं, एवढं मी मावशींकडून शिकलो.