वाराणसीतील चार प्रसंग : कर, संमती आणि स्वराज्य

परकीय सत्तेतून मुक्त झालेल्या राष्ट्राचा इतिहास सांगताना लढाया, तह आणि सत्तांतरे यांचा क्रम सामान्यतः डोळ्यांपुढे येतो. मात्र सामान्य माणसाचा राज्यसत्तेशी येणारा सर्वांत नित्याचा संबंध असतो तो करवसुलीचा. म्हणूनच कर कोणी बसवावा, कोणाच्या संमतीने बसवावा आणि त्याचा विनियोग कोणाला विचारून करावा, हे तीन प्रश्न स्वराज्याच्या कल्पनेच्या मुळाशी आहेत. भारतात या प्रश्नांची उकल कशी होत गेली, हे एकाच शहराच्या आधारे अभ्यासायचे झाल्यास वाराणसीइतके उपयुक्त शहर क्वचितच सापडेल. तीर्थक्षेत्र म्हणून काशी सर्वांना परिचित आहे. प्रस्तुत लेखात या शहरातील १७८१ ते १९१६ या कालखंडातील चार प्रसंगांचा अर्थशास्त्रीय दृष्टीने विचार केला आहे.

पहिला प्रसंग : मर्यादा नसलेली मागणी (१७८१)

१७७५ च्या फैजाबाद तहाने अवधच्या नवाबाने बनारसवरील अधिकार ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केला. राजा चेतसिंग याने कंपनीस दरवर्षी सुमारे साडेबावीस लाख रुपये खंडणी द्यावी, असे ठरले. ही रक्कम तो देत होता. परंतु १७७८ मध्ये फ्रान्सशी युद्ध सुरू झाले. त्याच सुमारास मराठ्यांशीही युद्ध चालू असल्याने कंपनीची तिजोरी रिकामी होत होती. तेव्हा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याने ठरलेल्या खंडणीखेरीज पाच लाख रुपयांची मागणी केली. पुढील दोन वर्षे तीच मागणी पुन्हा करण्यात आली आणि त्यानंतर घोडदळही मागितले गेले. राजाने टाळाटाळ केल्याचे कारण पुढे करून त्याच्याकडून पन्नास लाखांचा दंड वसूल करण्याचा बेत हेस्टिंग्जने आखला.

ऑगस्ट १७८१ मध्ये हेस्टिंग्ज स्वतः बनारसला आला आणि त्याने गंगाकाठच्या शिवाला येथील वाड्यात राजाला नजरकैदेत ठेवले. लोक खवळले, पहाऱ्यावरील कंपनीचे शिपाई मारले गेले, राजा निसटला आणि हेस्टिंग्जला चुनारच्या किल्ल्यात आश्रय घ्यावा लागला. अखेरीस कंपनीने उठाव मोडला. चेतसिंगाला ग्वाल्हेरला महादजी शिंदे यांचा आश्रय घ्यावा लागला. गादीवर महीपनारायण सिंग याला बसवून वार्षिक खंडणी चाळीस लाखांवर नेण्यात आली.

या प्रकरणाचा समावेश पुढे हेस्टिंग्जवर ब्रिटिश संसदेत चाललेल्या महाभियोगात झाला. १७९५ मध्ये तो निर्दोष सुटला. मात्र आपल्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. ठरलेली रक्कम भरल्यानंतरही मागणीला मर्यादा घालणारी कोणतीही संस्था देणाऱ्याच्या हाती नव्हती. युद्धाचा निर्णय इतरत्र झाला आणि त्याचा खर्च बनारसवर पडला. खंडणी वाढली, की तिचा भार राजाकडून जमीनदाराकडे आणि जमीनदाराकडून कुळाकडे सरकतो, हे वेगळे सांगावयास नको.

दुसरा प्रसंग : कायदा आहे, संमती नाही (१८१०-११)

पहिल्या प्रसंगात मनमानी होती. त्यानंतर कंपनीने नियमांची चौकट उभी केली. १७८७ पासून बनारसचा रेसिडेंट असलेल्या जोनाथन डंकन याने महसुलाची घडी बसवली. १७९५ मध्ये बंगालप्रमाणे येथेही कायमधारा पद्धती लागू झाली. (हाच डंकन त्याच वर्षाअखेर मुंबईचा गव्हर्नर झाला.) सरकारची मागणी आता निश्चित होती. परंतु ती वेळेवर न भरल्यास जमीन लिलावात जाऊ लागली. त्यामुळे पुढील अर्धशतकात या प्रांतातील जमिनीचा मोठा हिस्सा जुन्या घराण्यांकडून सावकार, व्यापारी आणि सरकारी नोकर यांच्याकडे गेला.

नियम असणे आणि नियमास लोकांची संमती असणे यांतील अंतर १८१० मध्ये स्पष्ट झाले. त्या वर्षीच्या पंधराव्या विनियमाने बंगाल, बिहार, ओरिसा आणि बनारस येथील शहरांतील घरांवर वार्षिक भाड्याच्या पाच टक्के आणि दुकानांवर दहा टक्के कर बसवला. आजच्या भाषेत ही घरपट्टीच होती. फरक इतकाच, की तिचे उत्पन्न शहरासाठी खर्च होणार नसून सरकारी तिजोरीत जाणार होते.

डिसेंबर १८१० च्या अखेरीस बनारसने व्यवहार बंद केले. लोहारांनी पुढाकार घेतला. विणकर, शिंपी, न्हावी, कहार, नावाडी असे सर्व व्यवसायांचे लोक त्यात सामील झाले. दुकाने बंद राहिली, नावा जागीच थांबल्या आणि हजारो लोक घरे सोडून शहराबाहेरच्या मोकळ्या जागेत धरणे धरून बसले. प्रत्येक व्यवसायाच्या पंचायतीने आपापल्या लोकांत शिस्त राखली. विशेष म्हणजे त्यांनी शस्त्र उचलले नाही. अर्जात त्यांनी मांडलेले युक्तिवाद एखाद्या अर्थतज्ज्ञाला शोभणारे आहेत. पूर्वीच्या राज्यकर्त्यांनी राहत्या घरावर कर घेतला नव्हता. मुद्रांक शुल्क आणि शहरात येणाऱ्या मालावरील शुल्क आम्ही आधीच भरतो. मोहल्ल्यांच्या फाटकांवरील पहाऱ्याचा खर्चही आम्हीच सोसतो. मग हा नवा कर कशाच्या मोबदल्यात?

सरकारने सैन्य बोलावले, परंतु सवलतीही जाहीर केल्या. बनारसच्या राजाच्या मध्यस्थीने लोक घरी परतले आणि पुढे हा विनियमच रद्द करण्यात आला. या घटनेची कागदपत्रे धरमपाल यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा असहकाराची मुळे भारतीय समाजजीवनात किती खोल आहेत याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले.

तिसरा प्रसंग : अर्थसंकल्पावर हक्क (१९०५)

बनारसच्या लोकांनी एक कर परतवला. परंतु प्रत्येक करासाठी शहर बंद ठेवणे हा कायमचा उपाय होऊ शकत नाही. त्यासाठी कर बसवणाऱ्या सभागृहातच लोकांचा आवाज हवा होता. ही मागणी याच शहरात एका मराठी माणसाने सुस्पष्ट शब्दांत मांडली.

१६ ऑक्टोबर १९०५ रोजी बंगालची फाळणी अमलात आली. त्यानंतर डिसेंबरच्या अखेरीस काँग्रेसचे एकविसावे अधिवेशन बनारस येथे भरले. अध्यक्षस्थानी होते एकोणचाळीस वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष दिलेले आणि १९०२ पासून केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पाची चिकित्सा करणारे गोखले आकड्यांवर प्रभुत्व असलेले नेते होते. तिजोरीत शिल्लक असताना गरिबाच्या मिठावर कर कशासाठी, असा प्रश्न ते सातत्याने विचारीत. मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून १९०३ मध्ये दोन रुपये, १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया असा खाली आला. युक्तिवादाने इतके साध्य होत होते. परंतु अर्थसंकल्पावर मत देण्याचा अधिकार मात्र सदस्यांना नव्हता.

बनारसच्या अध्यक्षीय भाषणात गोखले यांनी फाळणीचा निषेध केला आणि स्वदेशीचे समर्थन केले. त्याचबरोबर त्यांनी तातडीच्या सुधारणांची यादी मांडली. कायदेमंडळात निम्मे सदस्य निवडून आलेले असावेत, अर्थसंकल्प मंडळाने रीतसर मंजूर करावा आणि सदस्यांना दुरुस्त्या सुचवता याव्यात, ही त्यांतील पहिली मागणी होती. लष्करी खर्चात कपात, प्राथमिक शिक्षणाचा विस्तार, औद्योगिक व तांत्रिक शिक्षण आणि ग्रामीण कर्जबाजारीपणावर उपाय या मागण्याही त्या यादीत होत्या. याच वेळी रमेशचंद्र दत्त यांच्या अध्यक्षतेखाली बनारसमध्ये पहिली भारतीय औद्योगिक परिषद भरली. राजकीय हक्क आणि आर्थिक विकास हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत, ही जाणीव यातून दिसते.

चौथा प्रसंग : हक्काबरोबर जबाबदारी (१९१६)

फेब्रुवारी १९१६ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या पायाभरणीचा समारंभ झाला. त्या निमित्ताने झालेल्या सभेत महात्मा गांधी बोलले. रत्नालंकारांनी मढलेल्या संस्थानिकांसमोर त्यांनी शेतकऱ्याच्या दारिद्र्याचा उल्लेख केला आणि ही संपत्ती त्याच्याच श्रमातून आल्याची जाणीव करून दिली. काशी विश्वनाथाच्या परिसरातील गल्ल्यांच्या अस्वच्छतेवरही त्यांनी बोट ठेवले. आपली मंदिरे आणि शहरे आपण स्वच्छ राखू शकत नसू, तर आपले स्वराज्य कसे असेल, असा त्यांचा रोख होता. भाषण पूर्ण होऊ शकले नाही. परंतु परकीय सत्तेला विचारलेला प्रश्न त्या दिवशी प्रथमच इतक्या थेटपणे स्वकीयांना विचारला गेला.

संविधानाची तरतूद आणि आजचा प्रश्न

या प्रदीर्घ अनुभवाचे सार भारतीय संविधानात आढळते. अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या प्राधिकाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येत नाही. संचित निधीतून रक्कम काढण्यासाठी अनुच्छेद ११४ नुसार विनियोजन कायदा आवश्यक आहे. १८१० चा विनियमही कायदाच होता, हे येथे ध्यानात घ्यावे. फरक आहे तो कायदा करणाऱ्या सभागृहाचा. आज ते प्रौढ मताधिकाराने निवडलेले आहे.

केंद्र आणि राज्य पातळीवर ही व्यवस्था दृढ झाली. गावाच्या आणि शहराच्या पातळीवर मात्र ती अद्याप अपुरी आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) नगरपालिकांना घटनात्मक दर्जा दिला. परंतु १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि जकातीसारखा स्थानिक उत्पन्नाचा स्रोत संपुष्टात आला. महाराष्ट्रातील महानगरपालिका त्यानंतर राज्याच्या भरपाईवर अधिक अवलंबून झाल्या. हाती उरलेला प्रमुख कर म्हणजे मालमत्ता कर, अर्थात घरपट्टी. ती वाढवण्यास लोकप्रतिनिधी कचरतात आणि ती भरताना नागरिक कुरकुरतात.

याहून गंभीर बाब अशी, की निवडणुका लांबल्यास संमतीची साखळीच तुटते. मार्च २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेची मुदत संपली. आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात असल्याने निवडणूक लांबली. त्यामुळे २०२३-२४ ते २०२५-२६ हे तीन अर्थसंकल्प निर्वाचित सभागृहाविना, प्रशासकाच्या मंजुरीने झाले. अर्थसंकल्प लोकप्रतिनिधींनी मंजूर करावा, ही गोखले यांची मागणी आपल्याच राज्याच्या राजधानीत तीन वर्षे अपुरी राहिली.

बनारसच्या लोहारांनी विचारलेला प्रश्न रास्त होता. आम्ही देतो त्याच्या मोबदल्यात काय, हा प्रश्न आजही प्रभागसभेत आणि ग्रामसभेत विचारला गेला पाहिजे. वेळेवर निवडणुका, वाचून समजेल असा स्थानिक अर्थसंकल्प आणि जमा-खर्चाची जाहीर मांडणी, एवढे झाले तर घरपट्टी हा जुलूम वाटणार नाही. मग घरपट्टी वेळेवर भरणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरते आणि गल्ली स्वच्छ आहे का हे विचारण्याचा अधिकारही त्यातूनच त्याला मिळतो.